नरनाळ्यावरचा झपताल

शालू चौखंडे आधी गाणारी होती. डोंगर तिच्या आयुष्यात उशिरा आले, आणि तेही गाण्यासाठीच.

चांदूर बाजारच्या बाहेर, परतवाड्याच्या रस्त्याला लागून तिची आणि तिच्या नवऱ्याची, देवीदासची, संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, तो जगवायचा आणि कलम वाढलं की वरूडकडच्या बागाईतदारांना द्यायचं, हे त्यांचं काम. शालूचा हात त्यात एवढा बसलेला की तिला खाली फारसं पाहावं लागत नसे. हात चालत असायचे आणि तोंड मोकळं असायचं, म्हणून ती गायची. वाफ्यांतल्या बाया तिच्या गाण्यावर कामाचा वेग ठेवायच्या.

बुधवारी आणि शनिवारी ती दुपारची एसटी धरून अमरावतीला जाई. तिथल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून ‘सूरपालवी’ नावाच्या हौशी मंडळाच्या तालमी चालत. मंडळ संगीत नाटकं करायचं. नाटकं लिहायचे आणि बसवायचे देवराव गावंडे, मराठीचे निवृत्त शिक्षक. तबल्यावर मुनव्वर. अचलपूरला त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे.

शालू चौतीस वर्षांची असताना एका तालमीत देवरावांनी तिला थांबवलं. “शालूताई, तान चांगली घेता तुमी. पण मधातच तुटते. दम कमी पडते.”

ती खाली पाहू लागली, तेव्हा मुनव्वर तबल्यावरून म्हणाला, “ताई, रविवारी आमच्यासंगं चाला. चिखलदऱ्याचा घाट पायी चढा चार महिने. मंग पायजा दम.”

मुनव्वर आणि त्याचे तीन-चार मित्र दर रविवारी डोंगरात जात. शालू पहिल्यांदा गेली ती गाविलगडावर, साडी खोचून आणि पायात साध्या चपला घालून. अर्ध्या वाटेत तिने दोनदा उलटी केली. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, सलवार-कुडता आणि मुलीचे जुने शाळेचे बूट घालून. चार महिन्यांनी तान तुटायची थांबली. पण तोवर तिला तानेसाठी डोंगर चढायचा आहे हे आठवेनासं झालं होतं. चढताना ती सुरांचे पलटे गुणगुणायची, वर पोचली की गप्प बसून खालच्या मेळघाटाकडे पाहत राहायची आणि उतरताना बडबडायची.

नाटक आणि डोंगर, दोन्हींचा मोसम एकच, हिवाळा. नाट्यस्पर्धा जानेवारीत, म्हणजे नोव्हेंबरपासून रविवारी पूर्ण तालमी. आणि डोंगरात जायचे दिवसही तेच. शालू देवरावांशी भांडायची, मुनव्वरशी भांडायची आणि एक रविवार इकडे, एक तिकडे असं करून घ्यायची. एका वर्षी संध्याकाळी अमरावतीत प्रयोग असताना ती सकाळी वैराटच्या डोंगरावर गेली. येताना गाडी बिघडली. पडदा उघडायला अर्धा तास असताना ती रंगपटात पोचली आणि तशीच राणीच्या नऊवारीत शिरली. आत तशीच राहिलेल्या सलवारीत कुसळं होती. दोन अंक ती कुसळं टोचत गेली. राजाच्या निरोपाच्या वेळी राणीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

देवीदासने तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं आणि एकही डोंगर चढला नव्हता. “गळा नाटकाचा, पाय डोंगराचे,” तो म्हणायचा. “आमच्या वाट्याले काय, फक्त हात?”

“हातच तं कामाचे असतेत,” ती म्हणायची. “पाय दाबून देऊ?”

असं बारा वर्षं चाललं.

शेहेचाळिसाव्या वर्षी एका प्रयोगाआधी तिच्या गळ्यात ठुशी बसेना. मंडळात नुकतीच आलेली प्रतीक्षा नावाची कॉलेजातली मुलगी तिला दागिने घालत होती. ती म्हणाली, “शालूताई, मागच्या टायमाले याच गाठीवर बसली होती. तुमचा गळा सुजला काय?” शालूने आरशात पाहिलं. गळ्याच्या पुढच्या बाजूला उजवीकडे एक उंचवटा होता. पाणी गिळताना तो वर जाई आणि खाली येई.

थायरॉइडची गाठ आहे, काढून टाका, असं डॉक्टरांनी सांगितलं. शालूने दोन वर्षं लांबवलं. पावसाळ्यात कलमांची विक्री, हिवाळ्यात स्पर्धा आणि डोंगर. तिसऱ्या वर्षी, झोपेत श्वास अडकू लागला तेव्हा, एप्रिलमध्ये अमरावतीला ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं. नर्सने ऐकलं नाही. तिने परत मागितलं. तोंडातून नुसती हवा आली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले. गाठ मोठी होती, आवाजाची एक नस तिला चिकटून होती आणि ती सोडवताना दुखावली. सहा महिन्यांत, वर्षभरात आवाज येऊ शकतो, पूर्ण येईलच असं नाही. आत्ता काही सांगता येत नाही. चढताना, धावताना धाप लागेल. चार दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. गाठ साधी निघाली. देवीदासने वॉर्डातच हात जोडले, मुलीने नाशिकहून फोनवर रडून घेतलं. आता आपण आनंदी व्हायला हवं, हे शालूला कळलं. ती वाट पाहत राहिली. तसं काही झालं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला की तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं सगळं अंग वाटत होतं.

घरी आल्यावर एकदा तिने स्वतःहून मुलीला, रूपालीला, दुसऱ्या नंबरवरून फोन लावला. “रूपा,” ती म्हणाली.

“कोण बोलतंय?”

“रूपा, मी.”

“आवाज येत नाहीये. कोण?”

शालूने फोन ठेवला आणि वाफ्याला पाणी सोडायला गेली.

नर्सरीतल्या बाया सुरुवातीला तिच्यासमोर हळू बोलत, घरात कुणी गेल्यासारख्या. मग त्यांनी मोबाइलवर गाणी लावायला सुरुवात केली. शालूने हरकत घेतली नाही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती रोज सकाळी करायची, भिंतीला दोन्ही हात लावून ढकलायचं आणि ‘आ’ म्हणायचं. देवीदास बाहेरच्या खाटेवर बसून ऐकायचा. दरवाजा घासल्यासारखा आवाज यायचा आणि थांबायचा.

जुलैत देवराव स्वतः नर्सरीवर आले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी चहा संपवला, तरी विषय काढेनात. शेवटी म्हणाले, “यंदा ‘संगीत पूर्णामाय’ करून रायलो. पूर्णा नदीत डोंगा चालवणाऱ्या बाईचं नाटक. तुमच्यासाठीच लिहिलं होतं, तुमाले मालूम आहे.”

शालूने मान हलवली.

“प्रतीक्षाले देऊ काय ते काम?”

“द्या.”

“तुमी प्रॉम्प्टिंगले बसान काय? त्याले असाच आवाज...” देवराव मधेच थांबले. त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. देवीदासने मान दुसरीकडे वळवली.

“बसीन,” शालू म्हणाली.

ती बुधवारी-शनिवारी जाऊ लागली. वर्गात विंग धरलेल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून, वही मांडीवर घेऊन बसायची. खरोखरच तिचा आवाज त्या कामाला नेमका होता. रंगमंचावर पोचायचा, पहिल्या रांगेत पोचत नसे. प्रतीक्षा गाताना तिच्याकडे चोरून पाहायची. शालूला तिच्या चुका ऐकू यायच्या, कुठे सूर किंचित खाली बसतो, कुठे श्वास चुकीच्या जागी घेते. ती वहीच्या कडेला पेन्सिलीने खूण करायची आणि तालीम संपल्यावर वही पुढे करायची. प्रतीक्षा एकदा म्हणाली, “ताई, तुमाले राग नाई येत काय माह्या?” शालूने खरंच विचार करून पाहिलं आणि ‘नाई’ म्हणून सांगितलं. शालूला राग आला असता तर प्रतीक्षाला बरं वाटलं असतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

रविवारी ती डोंगरातही जायची. हौस होती म्हणून नव्हे. रविवार आला की बूट घालायचे, एवढंच शरीराला ठाऊक होतं. चढावर तिचा श्वास भात्यासारखा वाजायचा. मुनव्वर आणि बाकीचे तिच्यासाठी हळू चालायचे, फुलांची नावं विचारण्याचं निमित्त काढून थांबायचे. ते तिला कळायचं. त्याचंही तिला काही वाटायचं नाही. वर पोचल्यावर खाली मेळघाट तसाच पसरलेला असायचा. ती पाहायची. बस गेल्यावर रिकामा थांबा पाहावा तसं.

डिसेंबरच्या मध्यावर ते नरनाळ्याला गेले. अकोट ओलांडून शहानूरपर्यंत गाडी, पुढे चढ. नरनाळा अवाढव्य आहे. तट मैलोन्‌मैल पळतात, दरवाज्यामागे दरवाजे, मधेच तळी, मधेच गवतात बुडालेल्या भिंती. संध्याकाळी जंगलखात्याची माणसं सगळ्यांना खाली पाठवतात. जेवणं झाल्यावर मंडळी पलीकडच्या बुरुजाकडे निघाली. शालूची धाप बसली नव्हती. “तुमी व्हा पुढे,” तिने खुणेने सांगितलं. “मी तळ्याजवळ बसते.”

“इथून हलू नका ताई,” मुनव्वर म्हणाला.

ती थोडा वेळ बसली. मग लघवीला जायला म्हणून एका पडक्या भिंतीमागे गेली. गवत कमरेएवढं, वाळलेलं, तेल लावल्यासारखं गुळगुळीत. पाय सरकला आणि ती भिंतीपलीकडच्या खळग्यात गेली. फार खोल नव्हता तो, दीड पुरुष असेल. पण डावा पाय खाली दुमडला आणि घोट्यातून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. झोळी गळ्यात अडकून तिच्यासोबतच खाली आली होती.

तिने उठायचा प्रयत्न केला. पायावर भार पडेना. मोबाइलला रेंज नव्हती. तिने हाक मारली. “मुनव्वरभाई.” भिंतीच्या वरसुद्धा ती हाक गेली नसावी.

नंतर लोकांनी तिला विचारलं, भीती वाटली का? बिबट्या आहे तिथे, अस्वल आहे. शालू प्रत्येकाला खरं ते सांगायची, की नाही वाटली. तिने पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले. उरलेला भाकरीचा तुकडा खाल्ला. घोटा सुजताना पाहिला, कसा गोल होत जातो ते. दुपारी तीनला बायांनी जंबेरीच्या वाफ्याला पाणी सोडलं असेल का, एवढा एक विचार आला. ऊन भिंतीवर सरकत गेलं. आपण इथेच राहिलो तर, हाही विचार आला, आणि तो पहिल्या विचाराएवढाच साधा होता. घाबरावं असं त्यात तिला काही सापडलं नाही.

मग वरून हाका ऐकू आल्या. “शालूताई! ओ ताई!” आधी लांब, मग जवळ. कोणीतरी भिंतीच्या पलीकडून गेलं, गवताची सळसळ अगदी डोक्यावर झाली. शालूने तोंड उघडलं. पोटातून जोर केला, देवरावांनी शिकवलं होतं तसा. हवा आली. पावलं पुढे गेली. हाका तळ्याकडे वळल्या.

तेव्हा तिने डब्याचं झाकण काढलं आणि दगडाने त्यावर मारायला लागली. टण टण टण टण. वर वानरं खेकसत होती, कुठेतरी पक्षी लाकूड ठोकत होता आणि तिचा आवाज त्यातच जमा होत होता. हात दुखला तशी ती थांबली. परत सुरू केलं, आणि या वेळी हात आपोआप दुसरीकडे गेला. दोन, मग तीन. दोन, मग तीन. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. झपताल. ‘पूर्णामाय’मधल्या डोंग्याच्या गाण्याचा तो ठेका होता. पाच महिने विंगेत बसून प्रत्येक तालमीला ऐकलेला. तिने ठरवून काही केलं नव्हतं. दगड पडत राहिला.

मुनव्वर तळ्यावर उभा होता. त्याने नंतर सांगितलं, “बाकीचे म्हणे गाईची घंटी असन. म्या म्हटलं, गाय झपतालात चरत नसते.” तो आवाजाच्या मागावर भिंत ओलांडून आला आणि वरून डोकावला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिला पाहून तो तिथेच खाली बसला. थोड्या वेळाने, श्वास आल्यावर म्हणाला, “ताई, ठेक्यातली खाली बरोबर घेतली, पण सम चुकली तुमची.”

शालूने दगड बाजूला ठेवला.

तिची ओढणी आणि मुनव्वरचा दुपट्टा एकमेकांना बांधून त्यांनी तिला वर घेतलं. उतरताना मुनव्वर आणि त्याचा मित्र श्रावण तिला आळीपाळीने पाठुंगळी घेत होते. मुनव्वर सगळी वाट बोलत राहिला. मधेच गप्प झाला तेव्हा तो रडत असल्याचं तिला पाठीवरून कळलं. त्याच्या खांद्यावर थोपटावं, असं तिला सुचलं. तिने थोपटलं.

घोट्याचं हाड तडकलं होतं. पायाला प्लॅस्टर घालून घरी आल्यावर देवीदास तिच्यासमोर उभा राहिला. इतके तास दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. “आता बंद. ऐकून रायली का? डोंगर बंद अन् नाटकबी बंद. लय झाली हौस. तुले काही झालं असतं तं?”

शालूने मान हलवली. “बरं.”

देवीदास पुढचं वाक्य तयार ठेवून उभा होता. ते तसंच राहिलं. “बरं म्हंजे?”

“बंद.”

तो बाहेर गेला, नळावर हातपाय धुतले, आत आला, परत बाहेर गेला. दोन दिवस तो नर्सरीत बायांवर विनाकारण खेकसला. शालू खाटेवर पाय उशीवर ठेवून बसायची. कुणी संत्र्याचे डोळे आणि खुंटांच्या पिशव्या आणून दिल्या तर बसल्याबसल्या कलमं बांधून द्यायची, नाहीतर छताकडे पाहायची. बुधवार गेला. शनिवार गेला. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या बुधवारी दुपारी देवीदास तिच्या खाटेपाशी येऊन बसला. “शालू, तू भांडत काहून नाई?”

“कायले?”

“कायलेबी. पंचवीस वर्षं भांडली माह्यासंगं. म्या बंद म्हटलं अन् तू बरं म्हणते. मले झोप नाई लागून रायली.”

 बोलायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि ते त्याला समजावून सांगण्याइतका आवाजही नव्हता.  मग उठून देवीदासने शेजारच्या माणसाची गाडी मागून आणली, तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, पाय आडवा केला आणि अमरावतीला नेलं. तालमीच्या वर्गात तो पहिल्यांदाच शिरला. सगळे उठून उभे राहिले. त्याने शालूला विंगेतल्या खुर्चीवर बसवलं, वही तिच्या हातात दिली आणि दारापाशी बाकावर पाठ वळवून बसला. दहा मिनिटांनी तो तालमीकडे तोंड करून बसला होता.

स्पर्धेचं केंद्र त्या वर्षी अकोल्याला होतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात प्रयोग झाला. प्लॅस्टर निघालं नव्हतं, शालू विंगेत पाय स्टुलावर ठेवून बसली. दुसऱ्या अंकात पुराच्या प्रसंगी नायिका एकटी डोंग्यात उभी राहून गाते. प्रतीक्षाने मुखडा चांगला उचलला. पहिला अंतरा झाला. मुनव्वरने ठेका धरला, पेटीने सूर दिला, आणि प्रतीक्षा उभीच राहिली. डोळे विस्फारले होते. दुसरा अंतरा तिच्या डोक्यातून गेला होता.

“पैल काठी दिवा दिसे,” शालू म्हणाली. प्रतीक्षाने मान इकडे वळवली, पण तिला ऐकू आलं नसावं. मुनव्वरने आणखी एक आवर्तन घेतलं. शालूने परत सांगितलं, आणि या वेळी शब्द सुरावर ठेवून सांगितले, नुसते बोलून नाही. जिथे ते गाण्यात होते, त्याच्या बऱ्याच खाली. खर्जात, खरखरीत, पुरुषासारखा तो सूर होता आणि एका ओळीपलीकडे टिकला नाही. प्रतीक्षाने ओळ उचलली आणि वरच्या सप्तकात नेली.

शालूने वहीचं पान उलटलं. पुढचा संवाद जवळ आला होता. घशात काहीतरी हललं होतं, एवढं तिला जाणवलं. आनंद किंवा दुःख असं त्याला नाव देता आलं नसतं. मुंग्या आल्यासारखं होतं ते, आणि प्रयोग संपेपर्यंत होतं.

नाटकाला बक्षीस मिळालं नाही. प्रतीक्षाला गायनाचं प्रमाणपत्र मिळालं. रंगपटात ती शालूच्या पायांवर डोकं ठेवून रडली, प्लॅस्टरवर तिच्या डोळ्यांतलं काजळ लागलं. शालूने तिला उठवलं आणि म्हणाली, “अंतऱ्याआधी घाई करते तू. श्वास पूर्ण घेत जाय.” देवीदासने प्रेक्षागृहात बसून सगळं नाटक पाहिलं होतं. गाडी अचलपूरला आली. तेव्हा तो म्हणाला, “तो डोंगा थर्माकोलचा होता काय?”

“हो,” शालू म्हणाली.

“वाटत नव्हता.”

मार्चमध्ये डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्राची दुसरी बाजू थोडी पुढे येऊन काम करू लागली आहे, आवाज एवढाच राहील, जाड आणि खालचा, त्यातच सवय करावी लागेल. शालूने ‘बरं’ म्हटलं. देवीदासने डॉक्टरांना चार वेळा तेच विचारलं. पाय बरा झाल्यावर ती डोंगरातही परत गेली, पण चढाच्या वाटा सोडून, चिखलदऱ्याच्या पठारावर सपाटीने दोन तास चालायची आणि बाकीचे येईपर्यंत चहाच्या टपरीवर बसायची. कधी बरं वाटायचं. बहुतेक वेळा काही वाटायचं नाही. दोन्हींतला फरक शोधत बसणं तिने सोडून दिलं होतं.

पुढच्या जुलैत देवरावांनी नव्या नाटकाचं वाचन केलं. त्यात एक म्हातारी होती, मोजकंच बोलणारी, एकही गाणं नसलेली. वाचन संपल्यावर त्यांनी त्या पानांचा गठ्ठा शालूपुढे ठेवला. “पूर्ण तालमी रविवारी राहतीन,” ते म्हणाले.

शालूने पानं उचलली, चाळली. “रविवारी मी येणार नाई,” ती त्या खालच्या आवाजात म्हणाली. “शनिवारी सकाळपासून ठेवा.”

“शनिवारी सकाळी पेटीवाल्याचे क्लास असतेत.”

“मंग त्याले सांगा.”

देवराव चष्म्यावरून तिच्याकडे पाहत राहिले. मुनव्वर तबल्याची वादी ओढत होता, तो खाली पाहून हातोडी ठोकत राहिला. “सांगतो,” देवराव म्हणाले.

शेवटची गाडी चुकू नये म्हणून ती लवकर निघाली. एसटी भरलेली होती, चाकावरची जागा मिळाली. कंडक्टर आला. “कुठं?”

“चांदूर बाजार.”

इंजिनाच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही. तो पुढे वाकला. “कुठं मावशी?”

“चांदूर बाजार,” तिने पुन्हा सांगितलं. त्याने तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि मागच्या सीटकडे गेला.